त्याच्या वजनाचे दगड

दगडाला घाम सुटतो, हे मी नवापुरात पहिल्यांदा पाहिलं. घरात सांगितलं की सगळे हसतात. हसू देत.

आता माझंही वय झालं. दवाखान्यात गेले की तिथली मुलगी मला काट्यावर उभी करते, भिंतीला टेकवून उंची घेते, यंत्राचं बटण दाबते आणि म्हणते, "आजी, बीएमआय सव्वीस आला. चरबी जास्त आहे." मी तिला म्हणते, "बाळ, चरबीच आहे ना? एकदा चिमटा काढून बघ बरं." तिला वाटतं म्हातारी खट्याळ आहे. खट्याळ मी आहेच, पण हे मात्र मी थट्टेने म्हणत नाही.

त्या आकड्याला बीएमआय म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. आकडा मात्र मी साठच्या दशकातच पाटीवर मांडत होते. लग्न होऊन घाटावरून बोईसरला आले तेव्हा तारापूरच्या किनाऱ्यावर मोठ्या वीजप्रकल्पाचं बांधकाम चाललं होतं. आमचे हे तिथे फिटर. मी नर्सिंग शिकलेली, घरात बसून भिंती मोजण्यापेक्षा बरं म्हणून कुंभवलीच्या वाटेवरच्या एका दवाखान्यात लागले. दवाखाना म्हणजे पत्र्याची शेड, आत दोन खाटा, एक कपाट आणि एक वजनकाटा. बांधकामावर मजूर घेताना ठेकेदार डॉक्टरचा दाखला मागत. त्यामुळे सकाळपासून दारात माणसांची रांग असे. कुणी घाटावरचे, कुणी डोंगराकडच्या पाड्यांवरचे, कुणी पार उत्तरेकडचे. काट्यावर चढण्याआधी लोटाभर पाणी पिऊन येणारे महाभागही त्यात असत, म्हणजे तेवढंच वजन वाढतं.

आमचे डॉक्टर हडकुळे, चष्मेवाले, आणि गणिताचे वेडे. तेव्हा बाजारात किलो आणि मीटर नुकतेच आले होते. लोकांच्या तोंडी अजून शेर आणि मणच होते. सगळा गाव त्या किलोंना शिव्या देत होता, आणि हा एकटा माणूस खूश. कुठल्याशा जुन्या पुस्तकात त्यांनी शंभरावर वर्षांपूर्वीच्या एका परदेशी गणितज्ञाची रीत वाचली होती. वजन किलोत घ्यायचं, उंची मीटरमध्ये, उंचीला उंचीने गुणायचं आणि त्याने वजनाला भागायचं. उत्तर वीस-बावीसच्या आसपास आलं की माणूस ठीक. अठराच्या खाली गेलं की अंगात शिल्लक काही नाही. पंचविसाच्या वर गेलं की चरबी साठली. मी खडूने पाटीवर भागाकार करायची आणि ते रांगेतल्या माणसाला आकडा सांगायचे, जणू परीक्षेचे मार्क.

"तुमचा स्वतःचा आकडा किती हो?" मी एकदा विचारलं.

"मी नापास आहे. बोलू नका कुठे," ते म्हणाले.

पण त्या आकड्यावर त्यांचा आंधळा विश्वास नव्हता, हेही सांगते. ते म्हणायचे, "हे म्हणजे बांधलेलं पोतं उचलून आत काय भरलंय ते सांगणं आहे. हाडं, मांस, चरबी, पाणी, सगळं एकाच पोत्यात. बाईचा आणि पुरुषाचा आकडा एक आला तरी बाईच्या अंगावर चरबी जास्त असणार. दगड फोडणाऱ्याचा आकडा मोठा आला तर ते मांस असणार." म्हणून आकडा काढला की ते दंडाच्या मागच्या बाजूची कातडी दोन बोटांत धरून चिमटा घेत. चिमट्यात काय येतं त्यावरून अंदाज पक्का करत. तरण्याताठ्या मजुरांना त्याची लाज वाटे. एकजण म्हणाला होता, "दाक्तर, बाजारात कोंबडी घेताना आमी असंच बगतो."

बुधवारी आम्ही जीपमध्ये काटा टाकून किनाऱ्याच्या गावांना जायचो. श्रावणातल्या अशाच एका बुधवारी नवापुरात एक म्हातारी आली. काळी सावळी, वाळलेली, कपाळ मोकळं. आजारी नव्हती. बराच वेळ काट्याकडे बघत उभी राहिली आणि मला म्हणाली, "बाय, ह्यो काटा माणसाचा भार सांगतो?"

"सांगतो की. चढा मावशी."

"माजा नको. माज्या पोराचा भार घरात हाय, तो ह्याच्यावर लागेल काय?"

मला वाटलं मुलगा अंथरुणाला खिळलेला असणार. मी डॉक्टरांना सांगितलं आणि आम्ही काटा घेऊन तिच्यामागून गेलो. घर अगदी किनाऱ्याशी. ओटीवर तिची सून जाळं विणत बसली होती. आत शिरलो तर माणूस कुठेच नाही. आढ्याला एक मोठी तागडी टांगलेली होती, सुकी मासळी तोलतात तशी, दोरांना फळ्या लावलेली. आणि मधल्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत, भिंतीला लागून, समुद्रावरच्या गोल काळ्या दगडांची एक रास रचलेली होती.

"ह्यो माजा पोरगा," म्हातारी म्हणाली.

त्या घराची ती रीत होती. शेजारपाजारचे त्यावर हसत, तसं काही गावात सगळीकडे नव्हतं. नारळी पौर्णिमेला, होडी पाण्यात लोटायच्या आधी, घरातल्या पुरुषाला तागडीच्या एका फळीवर बसवायचं आणि दुसऱ्या फळीवर त्याच्या भाराइतके दगड रचायचे. मग ते दगड उंबऱ्याच्या आत ठेवायचे. माणूस दर्यावर गेला तरी त्याचा भार घरात असतो, म्हणून दर्या त्याला पुरता नेऊ शकत नाही. माणूस जमिनीवर मेला तर दगड खाडीत सोडायचे. तिच्या नवऱ्याचे तिने तसेच सोडले होते. मुलाची होडी मात्र वैशाखातल्या वादळात फुटली होती. त्याच्याबरोबरचे दोघे मेले, तीन दिवसांनी फुगून किनाऱ्याला लागले. त्यांना तिनेच बायकांबरोबर उभं राहून धुतलं. मुलगा लागला नाही. म्हणून सुनेच्या हातात बांगड्या होत्या आणि दगड जागच्या जागी होते.

ते दगड ओले होते. नुसते दमट नव्हे, त्यांच्यावरून थेंब ओघळत होते आणि खाली जमिनीवर पाण्याची ओल पसरली होती. छप्पर गळत नव्हतं. मी वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं.

"घाम येतो त्याला," म्हातारी म्हणाली. "दर्यात हाय ना."

डॉक्टर इंग्रजीत काहीतरी पुटपुटले आणि मग मला हळूच म्हणाले, की समुद्राच्या दगडांत मीठ मुरलेलं असतं, पावसाळी हवेतलं पाणी ते ओढून घेतं. कारण कळलं. अंगावरचा काटा काही खाली बसला नाही.

डॉक्टरांना म्हातारीला नाही म्हणवेना. त्यांनी ते काट्यावर रचले. पासष्ट किलो भरले. मग त्यांनी विचारलं, "उंची किती होती?" सून उठून आत आली, पहिल्यांदाच बोलली. दाराच्या वरच्या पट्टीवर तेलकट डाग होता, तिकडे बोट करून म्हणाली, "इतं डोस्कं लागायचं त्याचं." मी डागापर्यंत फीत धरली. एक मीटर सत्तर. मी सवयीने पाटीवर गुणाकार केला, भागाकार केला. साडेबावीस.

"मुलगा चांगल्या तब्येतीचा आहे मावशी," डॉक्टर म्हणाले. "अंगावर बेताची चरबी आहे. काही कमी नाही, काही जास्त नाही."

तिने दोन्ही हात जोडले. ते 'आहे' म्हणाले होते, एवढंच तिला हवं होतं. आम्ही जीपने परत निघालो. समोर नसलेल्या माणसाच्या अंगावर चरबी किती, ते आम्ही मोजून आलो होतो. माझ्या मांडीवरच्या पाटीवर तो साडेबावीस तसाच होता. तो मला बोईसरपर्यंत पुसवला नाही.

दसरा झाला आणि तो परत आला.

सकाळच्या गाडीने उत्तरेकडून येऊन बोईसरला उतरला आणि काठी टेकत चालत नवापूर गाठलं. पार गुजरातच्या किनाऱ्याला वाहत गेला होता. पाय मोडलेला, ताप डोक्यात गेलेला, कुणा परक्या खारव्याच्या, तिकडच्या कोळ्याच्या, झोपडीत पावसाळाभर पडून होता. आपलं गाव कुठलं हे तापात त्याला सांगताच आलं नाही. गावभर आनंदीआनंद झाला. मला वाटलं, म्हातारीने त्याला मिठी मारली असेल, ओवाळलं असेल. तिने ओवाळलं. मग त्याला तागडीवर बसवलं.

पुढच्या बुधवारी आम्ही गेलो तेव्हा तो ओटीवर गोधडी पांघरून बसला होता. सून उंबऱ्याच्या आत. म्हातारी मध्ये.

"दगडाची फळी धाडकन खाली गेली," ती मला सांगू लागली, "आन ह्यो वर. पाय हवेत. बाय, ह्यो सगला आला नाय."

"मावशी, आजारी होता तो. वाळलाय."

"वाळला नाय. राहिला. अर्धा थितं राहिला. सगला येईल तवा उंबऱ्याच्या आत."

दुसराही नियम होता. सगळा येईपर्यंत समुद्रातलं काही खायचं नाही. दर्याचं खाल्लं की दर्या त्याला ओळखतो आणि उरलेला मागतो. हे ती इतक्या साधेपणाने सांगत होती, जणू ताकात मीठ घालू का असं विचारत होती. मुलगा ऐकत होता. गमत्या माणूस होता तो, हे मला तेव्हाच दिसलं. मला म्हणाला, "बाय, माजं घर, माजी बायको, आन मी पाव्हना. तुमच्या काट्यात काय खोट करता येते काय बगा."

काट्यात खोट करता आली नाही. शेहेचाळीस किलो. आकडा आला सोळा. डॉक्टरांनी दंडाला चिमटा घेतला तर नुसती कातडी हाती आली, वहीच्या कागदाइतकी. त्यांनी म्हातारीला समजावून सांगितलं: मासे द्या, अंडी द्या, डाळ द्या, शेंगदाणे द्या, घरी कांडलेल्या तांबड्या तांदळाचा भात द्या, हळूहळू द्या. तिने सगळ्याला मान हलवली. तिच्या मागे दगडांची रास होती. मी सहज पाहिलं. दगड कोरडे खडखडीत होते.

पाऊस संपला होता, हवा कोरडी झाली होती, दगड वाळणारच. मला हे माहीत होतं. तरी मी त्या राशीकडे पाठ करून बसले नाही.

दिवाळीला डॉक्टर गावी गेले ते तिकडेच अडकले, वडील आजारी पडले. बुधवारी मी एकटीच काटा घेऊन जायची. म्हातारीने डॉक्टरांचं ऐकलं नव्हतं, हे सांगायला नको. घरचा तांबडा जाड तांदूळ तिने मुलाला दिलाच नाही, तो गरिबाचा, कष्टकऱ्याचा. तिने पालघरच्या बाजारातून गिरणीत कोंडा काढलेला पांढराशुभ्र तांदूळ आणवला. त्याचा भात, त्याची पेज, वर गूळ, वर साखर. दिवसातून चार वेळा. मासा नाही. डाळ पाचकळ म्हणून नाही. मी बोलले तर म्हणायची, "बाय, तुमचा काटा काय म्हनतो ते सांगा."

काटा म्हणत होता, वाढतोय. आकडा सतरा झाला, मग एकोणीस, मग वीस. गालांवर गोलाई आली. गावातले म्हणू लागले, म्हातारीच्या हाताला यश आहे. मला मात्र त्या घरात जाताना पाय जड व्हायचे. माणूस भरत होता पण त्याचा रंग परत येत नव्हता. चेहरा मोठा होत होता आणि डोळे बारीक होत होते. ओटीवर तो कायम बसलेला, कधी आडवा दिसायचा नाही, भर दुपारीही. दृष्ट लागू नये म्हणून म्हातारीने त्याचे पाय कंबरेपासून गोधडीत गुंडाळून ठेवलेले. मी दवाखान्यात चला म्हटलं की ती नको म्हणे.

"झोप लागते का?" मी त्याला एकदा विचारलं.

"आडवा झालो का पानी वर येतं," तो म्हणाला. "नाकाशी येतं. मंग उठून बसतो. होडी फुटली तवा पन असाच बसून होतो, फळकुटावर."

तो हे हसत म्हणाला. मला हसू आलं नाही. समोर भरती होती आणि ओटीवरून तिचा आवाज येत होता. तोच आवाज त्याच्या छातीतून येतोय असं मला वाटलं. मी घाबरले होते. नर्स झाले म्हणून काय झालं, घाबरले होते. त्याच संध्याकाळी मी डॉक्टरांच्या गावी तार केली.

मार्गशीर्षात डॉक्टर परत आले आणि आम्ही थेट नवापूरला गेलो. पोचलो तेव्हा घरासमोर माणसं जमलेली. आत तागडीवर तो बसला होता, समोरच्या फळीवर त्याचे दगड, आणि तागडीची दांडी सरळ. म्हातारी दांडीला धरून रडत होती. "सगला आला," म्हणत होती. "माजा सगला आला." सून सगळ्यांच्या हातावर साखर ठेवत होती. माझ्याही हातावर तिने चिमूटभर ठेवली. दोघांनी धरून त्याला उतरवला आणि तो परत आल्यापासून पहिल्यांदा मधल्या खोलीचा उंबरा ओलांडून आत गेला. दाराच्या पट्टीला डोकं लागू नये म्हणून सवयीने वाकला.

डॉक्टरांनी आमच्या काट्यावर त्याला उभं केलं. चौसष्टला काटा थांबला. मी पाटीवर भागाकार केला. बावीस.

"उत्तम आकडा," डॉक्टर म्हणाले आणि सवयीने त्याच्या दंडाला चिमटा घेतला.

त्यांचा हात तिथेच थांबला. मीही पाहिलं. चिमट्यात कागदाइतकीच कातडी होती. दसऱ्याला होती तेवढीच, कदाचित त्याहून पातळ. आकडा सोळाचा बावीस झाला होता आणि अंगावर चरबीचा एक कण चढला नव्हता.

डॉक्टरांनी त्याची गोधडी सोडली. पाय केळीच्या खुंटासारखे झाले होते, कातडी ताणून चकचकीत. त्यांनी नडगीवर अंगठा दाबला, सावकाश दहापर्यंत मोजलं आणि उचलला. अंगठ्याचा खड्डा तसाच राहिला.

साखर खाणारी माणसं एकेक करून ओटीवरून उतरली.

डॉक्टर म्हातारीशी नेहमीपेक्षा हळू बोलले. म्हणाले, "मावशी, हे मांस नाही. पाणी आहे. नुसत्या पांढऱ्या भाताने असं होतं. त्यात जे लागतं ते कोंड्याबरोबर गिरणीत निघून जातं. मग हृदय थकतं आणि अंगात पाणी साचतं. हे पाणी काढलं नाही तर ते छातीत चढेल. इंजेक्शनं देऊन काढतो. पण तो हलका होईल. आला होता त्याहूनही हलका."

म्हातारी दारात उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला लावून. तिच्या मागे तो धापा टाकत बसलेला.

"आताच घरात घेतला," ती म्हणाली. "लगेच परत अर्धा करता?"

"मावशी, नाहीतर..."

"नाय. मला सगला पायजे. मी नाय देत."

डॉक्टर समजावत राहिले. ती हलेना. दगडावर पाणी म्हणतात ते काय, हे मला तेव्हा कळलं. मला इतका राग आला होता की म्हातारीला धरून बाजूला करावं. तसं न करता मी तिचा हात धरला आणि तिला मुलासमोर नेऊन बसवलं. तिचा अंगठा धरून त्याच्या नडगीवर ठेवला.

"दाबा," मी म्हटलं.

तिने दाबला. काढला. आपल्याच अंगठ्याच्या खड्ड्याकडे ती बघत राहिली. तो भरून येईना. तिने दुसरीकडे दाबून पाहिलं, मग गुडघ्याखाली, मग पोटरीवर. ओल्या वाळूत उमटावेत तसे ठसे उमटत गेले. तिचा चेहरा बदलला. वैशाखात तीन दिवसांनी किनाऱ्याला लागलेल्या त्या दोघांना तिनेच धुतलं होतं. अशी चकचकीत कातडी तिच्या हातांना माहीत होती.

"हा माजा नाय," ती अगदी हळू म्हणाली. "हा त्याचा हाय. दर्याचा. आत भरून पाठवला त्यानं."

तो तिच्याकडे बघत होता. "आई," म्हणाला, "मला आडवा होयाचा हाय."

ती उठली, दारातून बाजूला झाली. "काढा," म्हणाली. "त्याचं जेवढं हाय तेवढं काढा. एक थेंब ठेवू नका."

आम्ही त्याला जीपने दवाखान्यात आणलं. ताकदीची, म्हणजे जीवनसत्त्वाची, इंजेक्शनं दिली, लघवीवाटे पाणी जायची इंजेक्शनं दिली. पाणी जाऊ लागलं. किती गेलं म्हणून सांगू, मीच भांडी भरत होते. म्हातारी खाटेच्या पायाशी बसून होती. प्रत्येक भांडं ती माझ्या हातातून घ्यायची आणि स्वतः लांब नेऊन ओतून यायची. कुठे ओततेस म्हणून मी विचारलं नाही. तिच्या पायांना दरवेळी वाळू लागलेली असायची, आणि समुद्र तिथून चांगलाच लांब होता.

काटा रोज खाली येत होता. मी रोज भागाकार करायची. एकवीस, एकोणीस, सतरा. पोतं रिकामं होत होतं आणि आत काय उरतं ते बघायला मी धजत नव्हते. पंधरावर आकडा थांबला. त्या दुपारी तो खाटेवर आडवा झाला, पाय सोडले आणि झोपला. घोरायला लागला. सून तोंडात पदर धरून रडली. मी बाहेर जाऊन रडले. डॉक्टर पाटी पुसत बसले होते, कधीची पुसून झाली होती तरी.

त्यानंतर त्याला मासा सुनेने दिला. सासूच्या देखत, तिच्या डोळ्याला डोळा न देता, बोंबलाचं कालवण आणि तांबडा भात. म्हातारीने तिला अडवलं नाही. होळीपर्यंत तो बावन्न किलो झाला, आकडा अठरा, आणि तिथेच राहिला. या वेळी चिमट्यात थोडं काही आलं. डॉक्टरांनी दाखला दिला. बांधकामाच्या वखारीवर तो राखणदार म्हणून लागला. दर्यावर परत गेला नाही, आणि कुणी त्याला जा म्हटलंही नाही.

म्हातारीने त्याला आणखी एकदा तागडीवर बसवल्याचं मला सुनेकडून कळलं. दांडी सरळ होईपर्यंत तिने दुसऱ्या फळीवरचे दगड एकेक करून उतरवले होते. मला हायसं वाटलं. म्हटलं, सुटली बिचारी. उतरवलेले दगड नवऱ्याच्या दगडांसारखे खाडीत सोडले असणार.

पुढे ह्यांची बदली झाली. निघण्याआधी मी निरोप घ्यायला नवापूरला गेले. उन्हाळ्याची दुपार, वाळू तापलेली, हवेत ओलीचा मागमूस नाही. तो कामावरून आलेला होता, पाटावर जेवायला बसला होता. मलाही बसायचा आग्रह झाला. सून वाढत होती. म्हातारीने स्वतःच्या हाताने दुसरं एक ताट वाढलं, भात, कालवण, तळलेल्या सुरमईचा तुकडा, आणि ते घेऊन ती कोपऱ्यात गेली. तिथे एका धुवट फडक्याखाली काही झाकलेलं होतं. तिने फडकं काढलं. उतरवलेले दगड. नीट रचलेले, लहान मूल बसवावं तसे भिंतीला टेकवून.

ते ओले होते. त्या उन्हाळ्यात, त्या कोरड्या हवेत. मी डॉक्टरांचं मीठ आठवायचा प्रयत्न केला.

"मावशी, हे कोण?" मला विचारायचं नव्हतं, तोंडून गेलं.

"जेवडा आला तेवडा ह्यो," तिने मुलाकडे बोट केलं. मग ताट दगडांसमोर ठेवलं. "राहिला तो पन माजाच ना?"

मुलाने घास गिळला आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

"बगा बाय," तो म्हणाला, "त्याला मोठा तुकडा वाढते."

सून हसली, मीही हसले. म्हातारी हसली नाही. ती दगडांसमोर मांडी घालून बसली होती आणि त्या ताटातल्या माशाचे काटे काढत होती.